भाव कोण लिहितो?

फ्रान्सला ऑनसाईट आलेल्या प्रत्येक देशी माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक साक्षात्कार होतोच होतो. सुपरमार्केटच्या फडताळासमोर उभा राहून तो पुण्यातल्या मित्राला फोनवर सांगतो, "अरे, इथे वाइन म्हणजे अगदी पाण्याच्या भावात आहे रे!" मनातल्या मनात युरोला रुपयांनी गुणणं चालूच असतं, पण या वेळी गुणाकार करूनही चेहऱ्यावरचं हसू जात नाही. तीन युरोला बोर्दो! लेबलवर शातोचं चित्र, सोनेरी अक्षरं... आणखी काय पाहिजे?

तर मंडळी, आज या तीन युरोच्या बाटलीबद्दल बोलू. आणि तिच्याऐवजी आठ-नऊ युरोची बाटली, तीही द्राक्षं पिकवणाऱ्याच्या दारात जाऊन का घ्यावी, याबद्दलही. आधीच सांगून टाकतो, मी वाइनचा जाणकार वगैरे अजिबात नाही. घोट घेऊन "ओल्या चामड्याचा वास, मागे हलकीशी काळी मिरी" असलं काही मला जमत नाही. मला आवडली किंवा नाही आवडली, एवढंच कळतं. पण हिशोब कळतो. आणि माझा मुद्दा चवीपेक्षा हिशोबाचाच आहे.

बोर्दोमध्ये वाइनचा ठोक व्यवहार 'तोनो' या मापात चालतो. एक तोनो म्हणजे ९०० लिटर, म्हणजेच पाऊण लिटरच्या बरोबर १२०० बाटल्या. अलीकडच्या मंदीच्या वर्षांत साध्या लाल बोर्दोचा ठोक भाव तोनोला हजार युरोच्याही खाली गेलेला आहे. आपण हजारच धरू. हजार भागिले बाराशे, म्हणजे ८३ सेंट. वर्षभर वेल छाटायचे, बांधायचे, फवारायचे, एप्रिलच्या थंडीत कोंब जळतील का म्हणून रात्री जागायचं, सप्टेंबरात तोडणी करायची, आंबवायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर एका बाटलीभर वाइनचे हातात येणार ८३ सेंट. त्यातून पगार, डिझेल, बँकेचा हप्ता. बाकीचे २ युरो १७ सेंट बाटली, बूच, लेबल, ट्रक, ठोक व्यापारी, दुकान आणि २० टक्के व्हॅट यांच्यात वाटले जातात. आपण ज्याला "पाण्याच्या भावात" म्हणतो, त्याला दुसऱ्या टोकाला मातीमोल म्हणतात.

या मधल्या ठोक व्यापाऱ्याला इथे 'नेगोसियां' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा मिडलवेअर. आता मिडलवेअर वाईटच असतं असं कोणीही इंजिनियर म्हणणार नाही. हजारो छोटे उत्पादक आणि लाखो गिऱ्हाइकं यांना जोडायला मध्ये काहीतरी लागतंच. नेगोसियां वाइन साठवतो, मिसळतो, जहाजात भरतो, परदेशात विकतो, वर उधारी सांभाळतो. प्रॉब्लेम होतो तो मधला लेयरच दोन्ही बाजूंचे नियम ठरवायला लागतो तेव्हा. वर पिकवणाऱ्याला कळत नाही आपली वाइन कोण पितंय, खाली पिणाऱ्याला कळत नाही ती कोणी केली, आणि दोघांचा भाव मात्र तिसराच लिहितो.

हे काही आजचं नाही. मी राहतो त्या तुलूझपासून तासाभरावर गायाक नावाचं गाव आहे, तार्न नदीच्या काठावर. रोमन काळापासून तिथे द्राक्षं होतात. पूर्वी गायाकची वाइन पिंपांतून नदीवाटे खाली बोर्दोच्या बंदरात जायची आणि तिथून इंग्लंडला. पण बंदर बोर्दोवाल्यांचं! त्यांनी तेराव्या शतकापासून राजाकडून अशी सवलत मिळवून ठेवली होती, की वरच्या भागातली वाइन ठरावीक तारखेच्या आधी बंदरात घ्यायचीच नाही. आधी आमचा माल जहाजावर चढेल, मग तुमचा. तोवर मोसमातली जहाजं निघून गेलेली असायची. हा प्रकार पार १७७६ पर्यंत चालला, मग तुर्गो नावाच्या मंत्र्याने तो रद्द केला. पाचशे वर्षं! गेट ज्याच्या ताब्यात, भाव त्याच्या हातात. वाइनच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच.

बरं, शेतकरी गप्प बसले होते असंही नाही. दक्षिणेकडच्या लांगदोक भागात भाव कोसळले आणि साखर-पाणी घालून केलेल्या बनावट वाइनने बाजार भरला, तेव्हा १९०७ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. मार्सेलँ आल्बेर हा त्यांचा पुढारी, एका छोट्या गावातला द्राक्षवाला. ९ जून १९०७ ला माँपेलिएमध्ये पाच लाखांच्या आसपास लोक जमले होते असं सांगतात. नारबोनला सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. महिनाअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. पण मला त्याहून आवडते ती त्याच्या थोडी आधीची एक बिनआवाजाची गोष्ट. मारोसाँ नावाच्या गावातल्या छोट्या द्राक्षवाल्यांनी १९०१ मध्ये एकत्र येऊन सहकारी संस्था काढली आणि आपली वाइन मधल्या व्यापाऱ्यांना टाळून पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना थेट विकायला सुरुवात केली. सव्वाशे वर्षांपूर्वी, आंतरजाल नसताना! 'फार्म टू टेबल' हा फंडा काल-परवाच्या स्टार्टअपवाल्यांनी शोधून काढला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता थेट खरेदी म्हणजे नक्की काय करायचं, ते सांगतो. गायाककडे किंवा त्याहून जवळ असलेल्या फ्राँताँकडे जाताना रस्त्याच्या कडेला पाट्या दिसतात, 'व्हाँत दिरेक्त', म्हणजे थेट विक्री. आत वळायचं. बहुतेक ठिकाणी घर, गोठ्यासारखी एक मोठी शेड, ट्रॅक्टर आणि अंगावर येणारा एक कुत्रा असतो. (कुत्रा नुसता भुंकतो.) बेल वाजवायची. दुपारी बारा ते दोन अजिबात वाजवायची नाही, ती जेवणाची वेळ. ती मोडणाऱ्याला फ्रान्समध्ये माफी नाही. मग हात पुसत कोणीतरी येतं. 'बोंज्यूर' आधी, कामाचं नंतर. एका जुन्या पिंपावर चार-पाच बाटल्या मांडल्या जातात आणि चव घ्यायला थोडी थोडी ओतली जाते. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते शोभेचं नाही, वापरायचं. गाडी चालवायची असेल तर इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, नव्या लायसनवाल्यांना ०.२. त्यापेक्षा तुलूझहून गायाकला रेल्वे जाते, ती पकडावी हे उत्तम.

आणि मग गप्पा. खरं सांगायचं तर मी जातो तो या गप्पांसाठी. गायाकमध्ये जी द्राक्षं होतात त्यांची नावं तुम्ही सुपरमार्केटात सहसा ऐकणार नाही. मोझाक, द्यूरास, ब्रोकोल, ओंदँक, प्र्यूनलार. हे प्र्यूनलार म्हणजे प्रसिद्ध मालबेकचा बाप, तोही डीएनए चाचणीने सिद्ध झालेला. यातल्या काही जाती जवळजवळ नामशेष झाल्या होत्या. रोबेर प्लाजोल नावाच्या इथल्याच एका द्राक्षवाल्याने त्या शोधून, पुन्हा लावून जगवल्या. एका पांढऱ्या जातीचं नाव आहे 'लेन दे लेल', स्थानिक ऑक्सितान भाषेत 'डोळ्यापासून लांब'. मला वाटलं काहीतरी काव्यात्म भानगड असणार. तर त्या घरच्या आजींनी वेलाची काडी हातात घेऊन दाखवलं, की घडाचा देठ लांब असतो, त्यामुळे घड काडीच्या डोळ्यापासून दूर लोंबतो. डोळा! आमच्या तासगावला मामासुद्धा छाटणी करताना 'डोळा' म्हणूनच सांगतो, किती डोळ्यांवर काडी कापायची ते. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडेही हाच शब्द आहे. त्यावर त्या इतक्या खूश झाल्या की बंद करून ठेवलेली एक बाटली पुन्हा उघडली.

कल्पना करा, या जाती कोण जगवणार? ज्याला एकाच चवीच्या दहा लाख बाटल्या भरायच्या आहेत त्याला ओंदँकची काय गरज? फ्राँताँची नेग्रेत नावाची काळी जात त्या परिसराबाहेर क्वचितच दिसते. ती टिकली कारण तिथल्या घरांनी ती लावणं सोडलं नाही, आणि घरांना ते परवडलं कारण कोणीतरी दारात येऊन विकत घेत राहिलं. सीधी बात.

आता मामाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडे द्राक्षबागायतदाराचं काय होतं हे तुमच्यापैकी ज्यांचं गाव सांगली-नाशिककडे आहे त्यांना वेगळं सांगायला नको. व्यापारी बागेत येतो, किलोला आकडा सांगतो, आणि आभाळ भरून आलेलं असेल तर बागायतदार मान डोलावतो. गेल्या दिवाळीत फोनवर मी मोठ्या उत्साहाने मामाला सांगत होतो, "मामा, इथे पाटीवर भाव शेतकरी स्वतः खडूने लिहितो. कोणी घासाघीस करत नाही." मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लिवतो ते ब्येस हाय. पर न्हाई खपलं तर?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कारण थेट विक्रीची दुसरी बाजू नेमकी हीच आहे. जो भाव लिहितो, तो धोकाही स्वतःच्या अंगावर घेतो. द्राक्षं विकून मोकळं होणाऱ्याला दोन महिन्यांत पैसे दिसतात. वाइन स्वतः करून, स्वतः बाटलीत भरून विकणाऱ्याचा पैसा वर्ष-दोन वर्षं तळघरात पडून राहतो. तो शेतकरी, केमिस्ट, मेकॅनिक, अकाउंटंट, सेल्समन आणि अबकारीचे फॉर्म भरणारा कारकून, सगळं एकटाच असतो. त्याच्या आठ युरोतून व्हॅट गेला की ६ युरो ६७ सेंट उरतात. हे ८३ सेंटच्या आठपट दिसतात खरे, पण त्यातूनच बाटली, बूच, खोकं, वाया गेलेले शनिवार आणि आपण फुकट चाखलेले चार ग्लास निघायचे असतात. त्यामुळे "मधला माणूस काढला की शेतकरी मालामाल" हे गणित कोणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे. मधला माणूस काढला तरी मधलं काम राहतंच. ते शेतकरी करतो.

मग फरक काय पडला? माझ्या मते फरक एवढाच, पण तो मोठा आहे. ८३ सेंटवाल्याला "हा भाव परवडत नाही" असं म्हणायला जागाच नसते. आठ युरोवाल्याला निदान ती असते. त्याची वाइन वाईट झाली तर गिऱ्हाईक तोंडावर सांगतं, चांगली झाली तर पुढच्या वर्षी दोन मित्रांना घेऊन येतं. कोडमध्ये बग असेल तर तो युजरने थेट लिहिणाऱ्याला सांगावा, सहा मॅनेजरांमार्फत नाही. हे आपल्याला हापिसात रोज पटतं, मग इथे का पटू नये?

आता आक्षेप. माझा एक कलीग नेहमी म्हणतो, "अरे, सप्टेंबरात सुपरमार्केटात वाइनचा सेल लागतो, तिथे यापेक्षा स्वस्त मिळते." मिळते ना! स्वस्तच पाहिजे असेल तर खुशाल तिथे जा. थेट खरेदी म्हणजे डिस्काउंट नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. बरेच द्राक्षवाले दारातला भाव गावातल्या वाइनच्या दुकानापेक्षा फार खाली ठेवतच नाहीत, कारण त्या दुकानदारालाही जगायचं असतं आणि तो वर्षभर त्यांचा माल ठेवतो. दुसरा आक्षेप, "छोटं आणि घरगुती म्हणजे चांगलंच कशावरून?" अगदी बरोबर, मुळीच नाही. मी छोट्या घरांच्या अत्यंत भिकार वाइनही प्यायलो आहे, आणि सहकारी संस्थांच्या झकासही. सहकारी संस्थेमागेही छोटी घरंच असतात. म्हणून तर चाखून घ्यायचं! दारात चाखता येतं, फडताळावर नाही. तिसरा आक्षेप माझ्या आईचा, "दारूचं एवढं कौतुक कशाला?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही. दारू ती दारूच. एवढंच म्हणतो, की महिन्याला दोन बाटल्या घेणार असू तर त्या कोणाच्या घ्यायच्या हे बघून घेऊ. तिसरी घ्या असं मी कोणालाही सांगत नाहीये.

आणि हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण घड्याळ टिकटिकतंय. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन प्यायली जायची, आता ती चाळीसच्या आसपास आली आहे. तब्येतीच्या दृष्टीने चांगलंच आहे म्हणा. पण वेल तेवढेच कसे राहतील? २०२३ मध्ये न विकलेली वाइन उकळून तिचं औद्योगिक अल्कोहोल करायला २० कोटी युरोची मदत जाहीर झाली. २०२४ मध्ये वेल कायमचे उपटून टाकणाऱ्याला हेक्टरी ४००० युरो द्यायची योजना आली. एकूण १२ कोटी युरो, म्हणजे ३०,००० हेक्टरची सोय. मागणी सत्तावीस हजारांच्या वर गेली. आजोबांनी लावलेला वेल उपटायला अर्ज करायचा आणि त्याची पोच घ्यायची, हे किती घरांत झालं असेल! यात सगळेच काही गुणी कारागीर नव्हते, मान्य. काही जमिनीवर द्राक्षं नसलेलीच बरी, हेही मान्य. पण कोण राहणार आणि कोण जाणार हे जर फक्त ठोक भावावर ठरलं, तर आधी ओंदँक जाईल आणि तीन युरोवाली राहील. माझं भांडण आहे ते याच्याशी.

असो. ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक, लेबल वाचा. 'मी झां बुतेय ओ दोमेन' किंवा 'ओ शातो' म्हणजे जिथे पिकली तिथेच बाटलीत भरली. 'आ ला प्रोप्रिएते' असेल तर ती सहकारी संस्थेचीही असू शकते. बाटलीच्या टोपणावर सरकारी शिक्का असेल तर त्यातलं 'आर' हे अक्षर म्हणजे स्वतः पिकवणारा आणि 'एन' म्हणजे नेगोसियां. २०१९ पासून हे टोपण सक्तीचं नाही, त्यामुळे शिक्का नसला म्हणून घाबरू नका. शॅम्पेनच्या लेबलवर बारीक अक्षरांत 'आर एम' दिसलं तर ती स्वतःच्या द्राक्षांची स्वतः केलेली.

दोन, गाडी नसेल तर स्वतंत्र द्राक्षवाल्यांच्या संघटनेची प्रदर्शनं मोठ्या शहरांत भरतात. पिंप खांद्यावर घेतलेला माणूस हे त्यांचं चिन्ह. पॅरिसचं मोठं प्रदर्शन नोव्हेंबरच्या शेवटी असतं. आत शिरताना चाखायला ग्लास मिळतो, आणि लोक चक्क हातगाड्या घेऊन आलेले असतात.

तीन, घासाघीस करू नका. ज्याने भाव लिहिला त्याच्यासमोर उभं राहून तो खोडायला लावायचा, तर मग आपण आणि बागेत आलेला व्यापारी यांत फरक काय? परवडत नसेल तर एकच बाटली घ्या. पण सहा ग्लास चाखून, फोटो काढून, "नंतर येतो" म्हणून निघू नका.

चार, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, परत जा. एकदा जाणं ही सहल झाली. मामाच्या प्रश्नाला एकच उत्तर मला सापडलं आहे, ते म्हणजे दरवर्षी न चुकता येणारं गिऱ्हाईक. पाऊस जास्त झाला आणि वाइन जरा पातळ निघाली त्या वर्षीही येणारं. भारतात परतताना दोन लिटरच नेता येतात, म्हणजे दोन बाटल्या आणि वर अर्धा लिटर हळहळ :-) त्यामुळे जी काय ती इथे असेपर्यंतच.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा. तीन युरोच्या बाटलीची बाजू घेऊन कोणी नीट हिशोब मांडला तर मला वाचायला आवडेल. फक्त त्यात ते ८३ सेंट कुठे बसवता, तेवढं दाखवा.